मुरबाडचे नाना शंकरशेठ आणि पहिल्या रेल्वेचा करार : जोखीम कुणाची, नफा कुणाचा?

ठाणे जिल्ह्यातलं मुरबाड गाव आजही रेल्वेची वाट पाहतंय. पण हिंदुस्थानात रेल्वे यावी म्हणून सगळ्यात आधी खटपट करणाऱ्यांत एक माणूस मुरबाडचाच होता. जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे, म्हणजेच नाना शंकरशेठ. नानांनी रेल्वे आणली, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. मात्र ती कुणाच्या पैशावर आली आणि तोटा कुणी भरला, हे फारसं कुणी सांगत नाही.

तरुण वयात कारभार

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. वडिलांचा मुंबईत मोठा व्यापार होता. १८२२ मध्ये वडील वारले, तेव्हा नानांची विशीही पूर्ण झाली नव्हती. सगळा कारभार त्यांच्या अंगावर आला आणि त्यांनी तो नीट सांभाळला. व्यवहारात चोख माणूस म्हणून देशी व्यापारी आणि इंग्रज अधिकारी, दोघांतही त्यांचं वजन वाढलं.

पैसा त्यांनी तिजोरीत दाबून ठेवला नाही. मुंबईतल्या शाळा-कॉलेजांच्या उभारणीत ते पुढे होते. मुलींनी शिकणं लोकांना खपत नव्हतं, त्या काळात त्यांनी मुलींच्या शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली.

रेल्वे हवी, पण पैसा कोण घालणार?

तेव्हा देशावरचा आणि वऱ्हाडातला कापूस बैलांवर, गाड्यांवर लादून घाट उतरून मुंबई बंदरात यायचा. वाटेत आठवडेच्या आठवडे जायचे. पाऊस लागला की वाट बंद आणि माल खराब. इंग्लंडमध्ये १८३० पासून लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे धावत होती. तशी रेल्वे इथेही हवी, हे नानांनी ओळखलं. १८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पुढाकार घेऊन इंडियन रेल्वे असोसिएशन स्थापन केली. पुढे हे काम लंडनमधल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी कंपनीत मिसळलं. तिच्या पहिल्या संचालकांत दोनच भारतीय होते, नाना आणि जमशेटजी.

अडचण होती पैशाची. मध्ये सह्याद्री, चार महिने पाऊस आणि गाडीत माणसं बसतील की नाही याचीही खात्री नाही. अशा कामात लंडनचा सावकार पैसा कसा घालणार?

५ टक्क्यांची हमी

ऑगस्ट १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं सरकार आणि जीआयपी यांच्यात करार झाला. तो असा :

- सुरुवातीच्या ५ लाख पौंड भांडवलावर वर्षाला ५ टक्के व्याजाची हमी सरकारची.
- रेल्वेला ३ टक्केच मिळाले, तर उरलेले २ टक्के सरकार भरणार.
- जमीन सरकार फुकट देणार, मुदत ९९ वर्षं.
- ५ टक्क्यांच्या वर नफा झाला, तर निम्मा सरकारने आधी भरलेल्या व्याजाच्या फेडीला आणि निम्मा भागीदारांना.
- कंपनीला नको वाटलं, तर ६ महिन्यांची नोटीस देऊन रेल्वे सरकारला सोपवायची आणि घातलेलं भांडवल परत घ्यायचं.

म्हणजे चाललं तर फायद्यात कंपनीचा वाटा, बुडालं तर भरपाई सरकारची. आणि सरकारची तिजोरी भरत होती मुख्यतः शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून.

रेल्वे धावली, खर्चही वाढला

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि ओढायला ३ इंजिनं. माणसं बसतील का, ही शंका लवकरच फिटली. त्यानंतर भोर घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी गेली. रोगराईत आणि अपघातांत हजारो मजूर दगावले. सगळ्यात मोठी जोखीम त्यांनी उचलली, पण त्यांच्यासाठी करारात हमी नव्हती.

हमीचा दोष पुढे दिसला. खर्च कितीही झाला तरी ५ टक्के मिळणारच, मग काटकसर कोण करणार? देशभर हमीवर बांधलेल्या रेल्वेचा मैलामागचा खर्च अंदाजाच्या दुपटीहून वर गेला. शेवटी १८६९ च्या सुमारास सरकारने धोरण बदललं आणि नव्या लाईन स्वतः बांधायला घेतल्या. जीआयपी रेल्वे १९०० मध्ये सरकारने विकत घेतली. आजची मध्य रेल्वे तिच्यातूनच उभी राहिली.

नानांचा शेवटचा काळ

हा करार लंडनमध्ये ठरला होता, त्याचा दोष एकट्या नानांवर टाकता येत नाही. हमी नसती तर रेल्वे यायला आणखी बरीच वर्षं लागली असती, हेही खरं. सरकारला जाब विचारायलाही नाना कचरले नाहीत. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनमध्ये ते पुढारी होते. या संस्थेने राज्यकारभारातल्या चुका मांडणारा अर्ज थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठवला. १८६२ मध्ये नाना मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्य झाले. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचं निधन झालं.

आजच्या कामांसाठी धडा

आज टोलचे रस्ते, वीज, इंटरनेट अशी कितीतरी कामं सरकार आणि खासगी कंपनी मिळून करतात. जोखीम वाटून घेणं चुकीचं नाही. तशी वाटणी झाली नाही, तर मोठं काम उभंच राहत नाही. पण वाटणी खरी हवी. असं काम आपल्या तालुक्यात आलं, तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारायला हरकत नाही. उत्पन्न कमी पडलं तर फरक कोण भरणार? खर्च वाढला तर बोजा कुणावर? आणि कंपनी मध्येच निघून गेली तर काय? कंपनीचाही थोडा पैसा बुडण्याची भीती असेल, तरच ती काम जपून करते.