जिभेने मोजलेली मिरची

माजिवड्याच्या आपल्या हॉस्टेलवर आठवड्यातून एकदा तरी हा वाद होतोच. नागपूरकडच्या मित्राला मेसची भाजी गोड लागते आणि त्याच भाजीवर रत्नागिरीचा पार्टनर तीन ग्लास पाणी रिचवतो. भाजी एकच, कढई एकच. मग खरं कोणाचं?

मित्रांनो, हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका माणसाच्या नोकरीचा भाग होता. विल्बर लिंकन स्कोविल हे त्यांचं नाव. तिखटपणाचं एकक म्हणून ते आपल्या कानावरून गेलेलं असतं. पण हे गृहस्थ आचारी नव्हते की मसाल्याचे व्यापारी नव्हते. ते होते फार्मासिस्ट.

जन्म २२ जानेवारी १८६५, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट इथे. १८९१ मध्ये कोरा अपहॅम यांच्याशी लग्न झालं, पुढे दोन मुली झाल्या. काही वर्षं त्यांनी फार्मसी कॉलेजात शिकवलं. १८९५ मध्ये त्यांचं औषधं बनवण्याच्या कलेवरचं पुस्तक निघालं आणि ते १९६० च्या दशकापर्यंत वापरात राहिलं. सिनियरकडून ज्युनियरकडे जाणारं आपल्याकडचं कुठलं पुस्तक इतकं टिकलंय?

पुढे ते डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत गेले. तिथे मिरचीशी गाठ पडली. दुखऱ्या अंगाला लावायच्या औषधात मिरचीचा अर्क घालत. अर्क सौम्य निघाला तर उपयोग नाही, जहाल निघाला तर कातडीची आग. आणि मिरची काही नटबोल्ट नव्हे, स्टँडर्ड साइजमध्ये यायला! आपल्या आया मसाला करताना रंगाला ब्याडगी घेतात, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी. पण एकाच जातीची दोन पोतीसुद्धा सारखी नसतात. पाण्याचा ताण, ऊन, तोडणीची वेळ, सगळ्याने फरक पडतो. (तिखटपणा बियांत असतो असं आपण समजतो, खरा साठा बिया ज्याला चिकटतात त्या पांढऱ्या गरात असतो.)

तिखट लागणारं द्रव्य, कॅप्सेसिन, तोवर माहीत झालं होतं. पण इतक्या कमी प्रमाणात ते पकडेल असं सोयीचं उपकरण नव्हतं. जीभ मात्र पकडत होती. मग १९१२ मध्ये स्कोविल यांनी जिभेलाच उपकरण केलं. एक ग्रेन, म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम मिरचीपूड १०० सीसी अल्कोहोलमध्ये रात्रभर भिजवायची, गाळायची आणि साखरपाण्यात पातळ करत न्यायची. जिभेला तिखटपणा जेमतेम जाणवेल तिथे थांबायचं. तीस हजार पट पातळ करावं लागलं, तर मिरची तीस हजारांची. आपलं टायट्रेशनच की, फक्त इंडिकेटरच्या जागी माणूस!

यातली खोट कोणीही ओरलला सांगेल. दोन जिभांचं रीडिंग जुळत नाही, आणि एकच जीभ चौथ्या-पाचव्या घोटाला बधिर होते. म्हणून पुढे पाच जणांचं पॅनल बसवायची पद्धत पडली. तरी आकडा डगमगायचाच. पण आधी तर आकडाच नव्हता, नुसतं तिखट आणि फार तिखट एवढंच होतं. मला विचाराल तर एवढ्या एरर असलेलं रीडिंगसुद्धा कोऱ्या जर्नलपेक्षा बरं.

१९२२ मध्ये त्यांना एबर्ट पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये रेमिंग्टन पदक आणि कोलंबिया विद्यापीठाची मानद डॉक्टरेट. १० मार्च १९४२ रोजी फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल इथे ते वारले. आयुष्यभराचं काम औषधांचं, आणि नाव राहिलं ते मिरचीच्या एका छोट्या टिपणामुळे.

आता हे काम क्रोमॅटोग्राफीचं मशीन करतं. ते कॅप्सेसिन थेट मोजतं, जीभ लागत नाही. गंमत म्हणजे आलेलं उत्तर आजही बहुतेक ठिकाणी स्कोविल युनिटमध्ये बदलून सांगतात. शुद्ध कॅप्सेसिनचा आकडा १ कोटी ६० लाख धरतात.

आणि हो, तिखटावर दुधाचा उतारा ज्या जुन्या पुस्तकांत छापलेला सापडतो, त्यांत स्कोविल यांचं ते १८९५ चं पुस्तकही आहे. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश मात्र त्याला ओढून नेतात. रत्नागिरीच्या पार्टनरला हे सांगून झालंय. अडचण एवढीच, की आपल्या मेसमध्ये दूध फक्त सकाळी मिळतं.