सर हॅरी रिकार्डो : इंजिनाचा श्वास ओळखणारा माणूस



पवनारच्या धाम नदीत दोन खडकांमधून पाणी जोरात धावतं आणि पसरट पात्रात आलं की संथ होतं. आमची मुलं हे नेहमी बघतात. गाडीच्या इंजिनातही असंच घडतं. ते ज्यांनी नीट ओळखलं, त्या सर हॅरी रिकार्डो यांची आज ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म २६ जानेवारी १८८५ रोजी लंडनमध्ये झाला. आजोबा अलेक्झांडर रेंडेल हे भारतातल्या रेल्वेचे सल्लागार अभियंते होते. पहिल्या महायुद्धात हॅरी यांनी ब्रिटिश रणगाड्यांसाठी कमी धूर सोडणारं इंजिन तयार केलं.

आता मुख्य मुद्दा. हवा आणि पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरमध्ये सोडणारी झडप म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह. तो मोठा केला की जास्त वेगात जास्त मिश्रण आत जातं, ताकद वाढते. मग सगळ्याच गाड्यांना मोठा व्हॉल्व्ह का नाही? कारण मोठा व्हॉल्व्ह जड असतो. इंजिन फार जोरात फिरलं की स्प्रिंग त्याला वेळेवर बंद करू शकत नाही. उलट इंजिन हळू चालताना मोठ्या वाटेतून मिश्रण संथ जातं, नीट घुसळत नाही. मग गाडी चढावर दम टाकते.

रिकार्डो यांनी ट्रायम्फ मोटारसायकलसाठी चार व्हॉल्व्हचं इंजिन केलं. एका मोठ्याऐवजी दोन लहान, हलके इनटेक व्हॉल्व्ह! १९२२ मध्ये आयल ऑफ मॅनच्या सीनिअर टीटी शर्यतीत ही गाडी दुसरी आली. पण त्यात भाग वाढले, खर्चही वाढला.

साध्या, स्वस्त साइड-व्हॉल्व्ह गाड्यांसाठी त्यांनी वेगळा मार्ग काढला होता. व्हॉल्व्ह मोठा न करता सिलिंडर हेडचा आकार बदलला. पिस्टन वर आला की मिश्रण एका बाजूला जोरात ढकललं जातं, घुसळतं आणि झटकन पेटतं. सामान्य माणसाच्या गाडीला त्याचा मोठा फायदा झाला.

१९४८ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. १८ मे १९७४ रोजी त्यांचं निधन झालं.

वर्गात नळीचं तोंड बोटाने दाबून मुलांना पाण्याचा जोर दाखवा. आणि पालकहो, शर्यतीचं इंजिन वेगळं, रोजच्या रस्त्याचं वेगळं. आपल्या लेकरालाही त्याचा रस्ता बघूनच घडवूया.