फेलिक्स ब्लॉख : पाण्याचा संकेत टिपणारा शास्त्रज्ञ

यावल-रावेरकडचा रुग्ण एमआरआय तपासणीसाठी जळगाव गाठतो. ते यंत्र ज्या तत्त्वावर चालते, त्याच तत्त्वावर रक्त, लघवी किंवा मेंदूभोवतीच्या द्रवातील घटकही ओळखता येतात. या तंत्राचा पाया घालणाऱ्या फेलिक्स ब्लॉख यांचा वैद्यकाशी मात्र थेट संबंध नव्हता.

ब्लॉख यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०५ रोजी झुरिच येथे एका ज्यू कुटुंबात झाला. अभियांत्रिकी सोडून ते भौतिकशास्त्राकडे वळले आणि १९२८ मध्ये लाइपझिग येथे हायझेनबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली. पुढील वर्षी ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रुजू झाले.

प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली पाण्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रे ठरावीक कंप्रतेच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, हे ब्लॉख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल यांनीही स्वतंत्रपणे हा परिणाम शोधला. दोघांना १९५२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ब्लॉख यांनी एकदा आपले बोटच यंत्राच्या वेटोळ्यात घातले आणि त्यातूनही ठळक संकेत मिळाला, असे सांगितले जाते.

ब्लॉख यांना हवे होते ते अणुकेंद्राच्या चुंबकत्वाचे अचूक मोजमाप. परंतु १९५० मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत प्रॉक्टर आणि यू यांना अमोनियम नायट्रेटमधील नायट्रोजनचे एकाऐवजी दोन संकेत मिळाले. भौतिकशास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही अडचण होती. रसायनशास्त्राला मात्र तिच्यातूनच घबाड मिळाले. १९५१ मध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी अल्कोहोलमधील हायड्रोजनचे तीन स्वतंत्र संकेत नोंदविले. त्यांचे प्रमाण ३:२:१, म्हणजे रेणूतील हायड्रोजनच्या मांडणीप्रमाणेच होते. शेजारी कोणते अणू आहेत, यावर संकेताची जागा ठरते, हे त्यातून स्पष्ट झाले. यातील एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा संशोधन गट उभा केला. मराठी वाचकाला हे नाव फारसे ठाऊक नसावे, ही खेदाची बाब.

लघवीच्या अर्ध्या मिलिलीटर नमुन्यात क्रिएटिनिन, सायट्रेट, ग्लुकोज अशा अनेक द्रव्यांचे संकेत एकाच वेळी आपापल्या जागी उमटतात. घटक वेगळे काढावे लागत नाहीत, नमुनाही नष्ट होत नाही. नवजात बालकांतील चयापचयाचे काही जन्मजात विकार ओळखण्यासाठी या पद्धतीचा उपयोग होतो. अडचण येते ती पाण्याची. त्याचा संकेत इतका प्रचंड असतो की तो दाबल्याशिवाय इतर घटक दिसतच नाहीत. ब्लॉख यांनी १९४६ मध्ये टिपला, तो हाच संकेत.

युरोपातील सर्न या संस्थेचे पहिले महासंचालकपद त्यांनी १९५४ मध्ये स्वीकारले. पण पुढच्याच वर्षी ते स्टॅनफर्डला परतले. १० सप्टेंबर १९८३ रोजी झुरिच येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी कुलाब्याच्या टाटा संस्थेत ५०० मेगाहर्ट्झ क्षमतेच्या यंत्रासह या तंत्राचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले.