पांडुरंग सदाशिव खानखोजे

पांडुरंग सदाशिव खानखोजे (मृत्यू : २२ जानेवारी १९६७, नागपूर) हे भारतीय क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ होते. गदर पक्षाच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. मेक्सिकोतील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केले आणि मक्याच्या संकरित वाणांवर संशोधन केले.

पूर्वायुष्य

खानखोजे यांचा जन्म वर्धा येथे झाला. त्यांचे वडील अर्जनवीस होते. वर्धा व नागपूर येथे शिक्षण घेत असताना त्यांच्यावर लोकमान्य टिळकांच्या विचारांचा प्रभाव पडला. सशस्त्र क्रांतीसाठी लष्करी शिक्षण मिळवण्याच्या उद्देशाने त्यांनी देश सोडला व जपानमार्गे ते अमेरिकेत पोहोचले. कॅलिफोर्नियातील टमालपाइस लष्करी अकादमीत त्यांनी प्रशिक्षण घेतले. त्यानंतर ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांत त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास केला.

१९१३ साली स्थापन झालेल्या गदर पक्षात त्यांच्याकडे लष्करी संघटनेचे काम होते. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हे या पक्षातील त्यांचे सहकारी. पिंगळे यांना १९१५ मध्ये लाहोर येथे फाशी देण्यात आली. पहिल्या महायुद्धात खानखोजे इराण व बलुचिस्तानच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि कैदेतून निसटले. मायदेशाची दारे बंद झाल्यावर सोव्हिएत रशिया व बर्लिन असा प्रवास करून ते १९२४ साली मेक्सिकोत आले.

मक्यावरील संशोधन

मेक्सिकोत मका हे मुख्य अन्न. कोरडवाहू पठारावरील शेतकऱ्याचे पीक अवर्षणाने किंवा थंडीच्या कडाक्याने हातचे जाई. अशा हवामानात तग धरतील असे वाण तयार करणे हे खानखोजे यांच्या कामाचे उद्दिष्ट होते.

मक्याच्या शेंड्यावरील तुऱ्यात नरफुले असतात, तर कणसातून बाहेर येणारे रेशमी तंतू हे मादीफुलांचे भाग होत. पराग वाऱ्याने उडत असल्याने वाण सहज मिसळतात. म्हणून संकर करताना तंतू बाहेर पडण्यापूर्वीच कणसावर पिशवी चढवावी लागते. निवडलेल्या झाडाच्या तुऱ्यातील पराग त्या तंतूंवर टाकून कणीस पुन्हा झाकतात. प्रत्येक दाण्याला एक स्वतंत्र तंतू असल्याने एका कणसातून शेकडो भावंडे मिळतात. पुढील हंगामात प्रत्येक कणसाचे दाणे वेगळ्या ओळीत पेरून सरस रोपे तेवढी राखली जातात. या निवडीला अनेक पिढ्या लागतात.

लागवडीच्या मक्याचा तेओसिंते या त्याच्या रानटी आप्ताशी संकर करण्याचे प्रयोगही खानखोजे यांनी केले. छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी त्यांच्या मक्याची छायाचित्रे काढली. चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या भित्तिचित्रातही खानखोजे यांची आकृती आढळते.

सुधारित बियाणे प्रयोगशाळेत राहून उपयोगाचे नाही, ते शेतकऱ्याच्या हाती गेले पाहिजे, या भूमिकेतून त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. जमीन मिळालेल्या गरीब शेतकऱ्याला ती कसण्याचे ज्ञानही मिळावे, हा त्यांचा हेतू होता.

उत्तरायुष्य

१९३६ साली त्यांचा विवाह बेल्जियन वंशाच्या जान सिंदिक यांच्याशी झाला. त्यांना दोन कन्या झाल्या. भारत स्वतंत्र झाल्यावरही ब्रिटिश अमदानीतील बंदीमुळे त्यांना प्रवेशाची परवानगी प्रथम नाकारण्यात आली. पुढे ही बंदी उठली आणि ते नागपूर येथे स्थायिक झाले. मेक्सिकोच्या शेतकऱ्यांमध्ये आदराचे स्थान मिळवलेल्या या शास्त्रज्ञाच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे तोवर परदेशातच सरली होती. मराठीत वीणा गवाणकर यांनी, तर इंग्रजीत त्यांची कन्या सावित्री साहनी यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे.