आनंदीबाई जोशींच्या विरोधकांना नेमकं काय खुपत होतं?

कल्याणच्या पारनाक्यावरच्या जोशी कुटुंबातली यमुना पुढे डॉ. आनंदीबाई जोशी झाली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्यांना लोकांनी खूप विरोध केला, हेही वाचलेलं असतं. पण विरोध करणारे सगळे एकाच कारणासाठी करत नव्हते.

यमुनाचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी तिचं लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी झालं. ते तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे, बिजवर आणि बायकोला शिकवायचंच या हट्टाला पेटलेले. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. डॉक्टर व्हायचं तिनं ठरवलं, त्यामागे हे दुःख होतं.

विरोधकांचा पहिला गट होता जातीतल्या मंडळींचा. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं ते म्हणायचे. त्यांच्या हातातलं हत्यार होतं बहिष्कार, म्हणजे अख्ख्या घराचा रोटी-बेटी व्यवहार बंद. एक बाई त्याला न जुमानता गेली, तर त्या हत्याराचा धाक उरला नसता.

दुसरा गट यांच्या अगदी उलटा. १८७८ मध्ये गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याकडे मदत मागितली. उत्तरात ख्रिस्ती होण्याचा सल्ला मिळाला. शिक्षणाला यांची ना नव्हती, पण त्यांना त्यातून धर्मांतर हवं होतं.

तिसरा गट बघ्यांचा. बाई नवऱ्याबरोबर रस्त्यानं चालते, पुस्तकं वाचते, एवढंही त्यांना टोमणे मारायला पुरायचं.

२४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या श्रीरामपूर इथे आनंदीबाईंनी भर सभेत इंग्रजीतून भाषण केलं. लोक विचारत होते तेच प्रश्न त्यांनी एकेक करून घेतले. अमेरिकेलाच का? एकटीच का? बहिष्कार पडला तर? हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी सांगितलं. या एका उत्तरानं पहिल्या गटाची भीती आणि दुसऱ्या गटाची अट, दोन्ही निकालात निघाल्या. देशात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हा मुद्दाही त्यांनी ठामपणे मांडला. पुरुष डॉक्टरपुढे दुखणं सांगायला बायका तयार नसायच्या. या अडचणीवर विरोधकांकडे उपाय नव्हता.

त्याच एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीतही साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली, पण क्षयानं गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. तेव्हा वयाची बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

हिंदूच राहा म्हणणारे आणि ख्रिस्ती व्हा म्हणणारे एकमेकांचे विरोधक होते. तरी दोघांचा आग्रह एकच होता: बाईनं शिकायचं का आणि कोणत्या अटीवर, हे आम्ही ठरवणार. आनंदीबाईंनी तो हक्क दोघांनाही दिला नाही.