दोन घास कमी : लुइजी कॉर्नारो यांची जीवनकथा

जेवण होत आले आहे. पोट भरल्याची जाणीव तुम्हाला झाली आहे. तेवढ्यात कोणीतरी प्रेमाने आणखी एक पोळी पानात वाढू लागते. अशा वेळी तुम्ही काय करता? बहुतेक वेळा आपण ती घेतोच. नाही म्हटले तर वाढणाऱ्याचे मन दुखेल असे वाटते. आज ज्यांचे जीवन आपण पाहणार आहोत त्यांच्यासमोरही हाच प्रसंग आला होता आणि त्यांना तो जवळजवळ प्राणांवर बेतला होता.

लुइजी कॉर्नारो हे सोळाव्या शतकातील इटलीतले गृहस्थ. व्हेनिसच्या राज्यातील पादुआ शहरात त्यांचे आयुष्य गेले. तिकडच्या बोलीत त्यांना अल्विसे म्हणत. व्हेनिसच्या प्रसिद्ध कॉर्नारो घराण्याशी ते आपले नाते सांगत, पण उमरावाचा मान त्यांना राज्याने कधी दिला नाही. संपत्ती मात्र मामाकडून भरपूर मिळाली. तारुण्य, पैसा आणि मेजवान्यांची संगत एकत्र आली. खाण्यापिण्याला काही धरबंध राहिला नाही.

याचे फळ पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान समोर आले. पोटात कळा, सांध्यांचे दुखणे, अंगात मुरलेला बारीक ताप आणि कधी न भागणारी तहान यांनी त्यांना घेरले. औषधे झाली, पथ्ये सांगून झाली. ते पथ्याला होकार देत आणि वैद्यांची पाठ फिरताच मन मानेल ते खात. शेवटी वैद्यांनी स्पष्ट सांगितले की आता एकच उपाय उरला आहे, तो म्हणजे संयमित आणि नियमित जीवन. ते जमले नाही तर काही महिन्यांतच मृत्यू येईल.

या वेळी मात्र त्यांनी ते मनावर घेतले. थोड्याच दिवसांत बरे वाटू लागले आणि वर्षभरात सारे आजार दूर झाले.

त्यांनी हे कसे साधले, ते नीट पाहा. ते उपाशी राहिले नाहीत. त्यांनी स्वतःच्या शरीराचा अभ्यास केला. जे जिभेला रुचते ते शरीराला मानवते, अशी समजूत त्या काळीही होती. त्यांनी ती स्वतःवर पारखून पाहिली आणि ती खोटी ठरली. खरबूज, कच्च्या भाज्या, डुकराचे मांस, गोड भाजलेले पदार्थ त्यांना आवडत, पण बाधत. ते त्यांनी सोडले. जे पचते तेच ठेवले, तेही मोजून. पाव, अंडे, रस्सा आणि थोडे मांस मिळून दिवसाला बारा औंस अन्न, म्हणजे साधारण तीनशे ते साडेतीनशे ग्रॅम. सोबत चौदा औंस द्राक्षमद्य, जे त्या प्रदेशात रोजच्या जेवणाचाच भाग होते. आणखी खाता येईल असे वाटत असतानाच ते ताटावरून उठत. अति ऊन, अति थंडी, जागरण आणि अति श्रम ते टाळत. क्रोध आणि खिन्नता यांनाही होईल तितके दूर ठेवत.

मग तो प्रसंग आला. त्यांच्या सांगण्यानुसार तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. घरच्यांना आणि मित्रांना वाटले, या वयात एवढेसे खाऊन शक्ती कशी टिकणार? वैद्यांनीही त्यांचीच बाजू घेतली. कॉर्नारो यांनी आपले म्हणणे समजावून पाहिले, पण प्रेमाच्या आग्रहापुढे ते नमले. अन्न बाराचे चौदा औंस झाले, मद्य चौदाचे सोळा. वाढ एवढीच. आठ दिवसांत त्यांचा आनंदी स्वभाव बदलला, ते उदास आणि चिडचिडे झाले. बाराव्या दिवशी कुशीत तीव्र कळ उठली. ती बावीस तास राहिली. पाठोपाठ ताप आला, तो पस्तीस दिवस उतरला नाही. सर्वांनी त्यांची आशा सोडली होती. ते पुन्हा आपल्या जुन्या मापावर आले आणि त्यातून उठले.

घरच्यांचे प्रेम खोटे नव्हते. पण आपल्या पोटाचे माप दुसऱ्याला, तो कितीही जिवलग असला, तरी कळत नाही. ते आपल्यालाच ओळखावे लागते, आणि ओळखल्यावर नम्रपणे सांभाळावेही लागते.

वाचलेली शक्ती त्यांनी कशात लावली, हेही पाहण्यासारखे आहे. पादुआच्या परिसरातील दलदलीच्या जमिनीतून त्यांनी पाणी काढून दिले. जिथल्या रोगट हवेत मुले जगत नसत तिथे शेते आणि वस्ती उभी राहिली. नाटककार रुझांते आणि वास्तुकार फाल्कोनेत्तो यांना त्यांनी आश्रय दिला. त्यांच्या घराच्या अंगणात १५२४ मध्ये बांधलेला सुंदर रंगमंडप पादुआत आजही आहे. म्हातारपणी ते घोड्यावर बसत, टेकड्या चढत आणि अकरा नातवंडांत रमत. १५५८ मध्ये त्यांनी संयमी जीवनावर छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे ते अनेक भाषांत गेले.

१५६६ मध्ये पादुआतच त्यांचे निधन झाले. ते शंभर वर्षे जगले असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. आजचे अभ्यासक मात्र त्यांचा जन्म १४८४ च्या सुमाराचा मानतात, म्हणजे वय ब्याऐंशीच्या आसपास. स्वतःचे वय ते वाढवून सांगत असावेत. तरीही चाळिशीत ज्याची आशा सुटली होती त्याने आणखी चार दशके उत्साहाने जगावे, हे थोडे नाही.

विज्ञानानेही पुढे या दिशेने शोध घेतला. १९३५ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना कमी कॅलरी, पण पूर्ण जीवनसत्त्वे आणि क्षार असलेला आहार दिला. ते उंदीर जास्त जगले. माणसांवरील दोन वर्षांच्या प्रयोगात रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारलेले दिसले. माणसाचे आयुष्य त्याने किती वाढते, हे मात्र अजून सिद्ध झालेले नाही. यातून एक गोष्ट लक्षात ठेवा : कमी करायचे ते अन्नाचे प्रमाण, पोषण नव्हे.

म्हणून कॉर्नारो यांचे बारा औंस उचलू नका, आणि त्यांचे मद्यमांसही नको. तत्त्वज्ञ नीत्शे यांनी तर आक्षेप घेतला होता की त्यांची प्रकृतीच कमी अन्न मागणारी होती आणि सर्वांना तेच माप सांगणे चूक आहे. त्यात तथ्य आहे. वाढती मुले, गर्भवती व स्तनदा माता, अशक्त आणि वृद्ध व्यक्ती, मधुमेहाची औषधे घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार कमी करू नये.

आपल्याकडे योगग्रंथांनी मिताहार सांगताना पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायला सांगितले आहे. तो भाग कुठे सुरू होतो, हे प्रत्येकाने स्वतः शोधायचे आहे. आजपासून आठ दिवस एवढेच करून पाहा. डाळ, भाजी, ताक, फळ कमी करू नका. सावकाश, चावून जेवा. दोन घासांची भूक बाकी असतानाच थांबा. जेवणानंतर अंग जड वाटते की हलके, मन आळसावते की प्रसन्न राहते, ते रोज पाहा. आणि कोणी प्रेमाने आग्रह केला तर हात जोडून, हसून नाही म्हणा. आणि तुम्ही स्वतः वाढत असाल, तेव्हा समोरच्याचे नाहीही तितक्याच प्रेमाने ऐका.