तोळ्यांपलीकडची चांदी

इंग्रजी अमदानीत मराठी वाड्यांतून चांदीच्या अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, पानदाने दिसत. घरावर पाळी आली की ती सराफाच्या मुशीत जात. आम्ही बँकवालेही तारण तोलूनच घ्यायचो; घडणावळीची किंमत शून्य! दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) नेमकी ती घडण पाहिली. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळणारा, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणारा हा गृहस्थ १९२० च्या सुमारास जुन्या वस्तूंमागे लागला. चांदीइतकेच प्रेम त्याने पितळी दिव्यांवर, अडकित्त्यांवर केले. एकुलता एक राजा अकाली गेला. संग्रहाला त्याचे नाव दिले. आयुष्यभराची ही जमवाजमव केळकरांनी विकली नाही, महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केली. मळवलीहून लोकलने पुण्याला जावे, बाजीराव रस्त्यावरचे ते संग्रहालय पाहावे. वस्तू २०,००० च्या घरात, मांडलेल्या जेमतेम २,५००.